शिंपल्याची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरखान्यांतील रुमाल येतात. या साधनांकडे पाहण्याची इतिहासकाराची एक ठरलेली रीत आहे. कागद हाती आला की तो प्रथम विचारतो, हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि लिहिणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ होता. आज मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे, त्याला हे प्रश्न विचारण्याची सोय नाही. ते साधन म्हणजे समुद्रकाठचा, आणि नदीकाठचाही, शिंपला. गेल्या सव्वाशे वर्षांच्या औद्योगिक इतिहासाचा एक भाग त्याच्या मांसात नोंदला गेला आहे, आणि ही नोंद वाचण्याची विद्या माणसाने हळूहळू, बरीच किंमत मोजून, हस्तगत केली आहे. लखनौसारख्या, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या शहरात राहणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ओघात येईलच.

देशावरच्या श्रोत्यांसाठी आधी थोडा खुलासा करतो. घाटावर आपण सगळ्यांनाच शिंपले म्हणून मोकळे होतो. पण कोकणात आणि गोव्यात त्यांची घराणी निरनिराळी मानली जातात. खडकाला कायमचे चिकटून बसणारे ते कालव. खडकावरच, पण धाग्यांच्या जुडीने स्वतःला बांधून घेणारे, हिरवट काळ्या कवचाचे ते शिणाणे. वाळूत आणि चिखलात रुतून राहणारे ते तिसऱ्या आणि खुबे. ओहोटी लागली की पाट्या घेऊन खाडीत उतरणाऱ्या बायकांना हे भेद जितके स्पष्ट दिसतात, तितके ते प्राणिशास्त्राच्या पदवीधरालाही दिसत नसतील. या सर्व घराण्यांत एक गोष्ट समान आहे. जन्मल्यावर काही दिवस पाण्यात तरंगून झाले की ही मंडळी एक जागा धरतात आणि पुढे फारशी हलत नाहीत. अन्नासाठी त्यांना कोठे जावे लागत नाही. पाणी आत ओढावयाचे, त्यातील सूक्ष्म वनस्पती आणि कण कल्ल्यांवर गाळून घ्यावयाचे, आणि पाणी बाहेर सोडावयाचे, हा त्यांचा अखंड व्यवसाय. मध्यम आकाराचा शिणाणा तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज गाळतो. पाण्यात तांबे असो, पारा असो, कीटकनाशक असो की मैल्यातील जंतू असोत, जे येईल ते त्याच्या देहातून जाते आणि त्यातील पुष्कळसे तेथेच राहते. त्यामुळे पाण्यात जो पदार्थ इतका विरळ असतो की तो मापणे अवघड व्हावे, तोच शिंपल्याच्या मांसात शेकडो, कधी हजारो पटींनी साठलेला सापडतो. मासा संकट पाहून पळतो. शिंपल्याला तेही शक्य नाही. फार तर तो कवच मिटून काही काळ गप्प बसतो.

ही साक्ष प्रथम लक्षात आली ती रंगामुळे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा खाणींचा प्रांत आहे. तेथील फालमथजवळच्या खाड्यांतून निघणारी कालवे हिरवट दिसत. हिरवी कालवे ही तशी युरोपात नवलाची गोष्ट नव्हती. फ्रान्समधील मारेन गावची हिरवी कालवे तर खवय्ये जास्त दाम देऊन घेत, आणि तो हिरवेपणा एका सूक्ष्म वनस्पतीचा असून निरुपद्रवी आहे, हे सिद्ध झालेले होते. परंतु फालमथचा हिरवा रंग निराळा निघाला. १८९० नंतरच्या दशकात लिव्हरपूलचे प्राध्यापक हर्डमन आणि त्यांचे सहकारी बॉइस यांनी ही कालवे तपासली, तेव्हा त्यांत तांबे आढळले. खाणींतून ओढ्यात, ओढ्यांतून खाडीत आणि खाडीतून कालवाच्या रक्तपेशींत, असा त्याचा प्रवास होता. हेच हर्डमन १९०२ मध्ये सिंहलद्वीपातील मोत्यांच्या शिंपल्यांची पाहणी करण्यास आले. त्यांच्याबरोबर आलेले जेम्स हॉर्नेल पुढे मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे संचालक झाले. आपल्याकडील शिंपल्यांच्या शास्त्रीय अभ्यासाची एक मुळी अशी त्या तांबट कालवांपर्यंत जाते.

पण तांब्याने कोणी मेले नव्हते, त्यामुळे गोष्ट विद्वानांत राहिली. सर्वसामान्यांचे लक्ष वेधले ते १० नोव्हेंबर १९०२ च्या दोन मेजवान्यांनी. त्या दिवशी विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन्ही शहरांच्या नगराध्यक्षांनी प्रतिष्ठितांना भोजन दिले. दोन्हीकडे एम्सवर्थ या गावची कालवे वाढली गेली. थोड्याच दिवसांत दोन्ही शहरांतील अनेक पाहुणे आजारी पडले, काहींना विषमज्वर झाला, आणि विंचेस्टरच्या प्रार्थनामंदिराचे प्रमुख धर्माधिकारी स्टीफन्स त्यात दगावले. सरकारी डॉक्टर बुल्स्ट्रोड यांनी चौकशी केली. एम्सवर्थच्या कालवांच्या वाफ्यांजवळच गावचे गटार सोडलेले होते. गावचा धंदा बसला. तेथील एक मोठे व्यापारी फॉस्टर यांनी मात्र स्वस्थ न बसता स्थानिक नगरसंस्थेवरच दावा लावला. माझ्या वाफ्यांत तुमचा मैला येतो, त्याचे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९०६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इंग्रजी कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात तो उपद्रवाच्या कायद्यासाठी. मला तो महत्त्वाचा वाटतो तो निराळ्या कारणासाठी. दोष कालवाचा की गटाराचा, हा प्रश्न त्यात उभा राहिला, आणि न्यायालयाने तो गटाराचा ठरवला. पुढे पुष्कळ ठिकाणी पुष्कळ वर्षे याच्या नेमके उलट घडत आले आहे.

अमेरिकेतही असाच धडा मिळाला. १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या शहरांत कालवे खाऊन विषमज्वराची साथ आली. सुमारे दीड हजार लोक आजारी पडले आणि दीडशेच्या आसपास मृत्यू पावले. १९२५ मध्ये तेथे शिंपल्यांच्या आरोग्यविषयक नियंत्रणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. येथपर्यंतच्या साऱ्या हकिकतीत शिंपल्याकडे पाहण्याची दृष्टी एकच होती. तो अन्न होता. दूषित निघाला तर तो खाऊ नये, एवढाच बोध घेतला जात होता. ज्या पाण्याने त्याला दूषित केले, त्या पाण्याविषयी तो काही सांगत आहे, ही कल्पना अजून उदयास यावयाची होती.

ती कल्पना जपानमधील मिनामाता येथे अत्यंत क्रूर रीतीने पुढे आली. क्युशू बेटावरील या उपसागराकाठी चिसो नावाच्या कंपनीचा रासायनिक कारखाना होता. १९५० नंतर तेथील कोळीवाड्यांतील मांजरे झोकांड्या खाऊन, गरगरा फिरून मरू लागली. मग माणसांची पाळी आली. हातपाय थरथरणे, दृष्टी आकसणे, वाचा जाणे, आणि अखेर मृत्यू. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी या अज्ञात रोगाची खबर आरोग्यखात्याला दिली. सारे रुग्ण उपसागरातील मासे आणि शिंपले खाणारे होते, हे लवकरच दिसून आले. १९५७ मध्ये उपसागरातील मासे आणि शिंपले मांजरांना खाऊ घालून पाहिले, तेव्हा त्यांनाही तोच रोग जडला.

आता श्रोतेहो, शासनात काम करणाऱ्या माणसाने येथे थोडे थांबले पाहिजे. प्रांतिक अधिकाऱ्यांनी १९५७ मध्येच टोकियोच्या मंत्रालयास विचारले की अन्नस्वच्छतेचा कायदा लावून येथील मासेमारी बंद करता येईल काय. मंत्रालयाचे उत्तर आले. उपसागरातील सर्वच्या सर्व मासे आणि शिंपले विषारी झाल्याचा स्पष्ट पुरावा नसल्याने कायदा लावता येत नाही, असा त्याचा आशय होता. शेरा लिहिण्याच्या कलेत हे उत्तर निर्दोष आहे. त्यात चुकीचे विधान एकही नाही. अशी उत्तरे लिहिण्याचे शिक्षण मलाही मिळालेले आहे, आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. १९५९ च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी कारण सांगितले, ते म्हणजे पाऱ्याचे सेंद्रिय संयुग. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला घालून रोग निर्माण करून पाहिला. कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला. पुढच्या एक-दोन वर्षांत विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी उपसागरातील शिंपल्यांच्या मांसातून मिथाइल पारा प्रत्यक्ष वेगळा काढून दाखवला. याहून स्पष्ट पुरावा कोणता असावयाचा? तरीही पारा वापरणारी प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली, आणि सरकारने कारण मान्य केले तेही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. रोगाची पहिली खबर आणि ही मान्यता यांत बारा वर्षे गेली.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला शिंपल्याची साक्ष एका निराळ्या खात्याला उपयोगी पडत होती. अमेरिकेतील हॅनफर्ड येथील अणुभट्ट्या थंड करणारे पाणी कोलंबिया नदीत सोडले जाई. नदी समुद्राला मिळते त्याच्या उत्तरेस विलापा नावाची खाडी आहे. तेथील कालवांत किरणोत्सारी जस्त आढळले. जस्त गोळा करण्याची कालवाची हौस इतकी दांडगी आहे की शेकडो मैल वाहून विरळ झालेले ते जस्तही त्याने टिपून ठेवले. आपल्याकडे तुर्भ्याला 'सायरस' ही अणुभट्टी १९६० मध्ये कार्यान्वित झाली. त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मुंबई बंदरातील पाणी, गाळ आणि शिंपले यांतील किरणोत्सर्गाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि त्याचे निबंध १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. त्यांच्या हाती एक खास साक्षीदार होता. चिखलात राहणाऱ्या खुब्यांच्या एका जातीचे रक्त आपल्यासारखेच लाल असते. बहुतेक शिंपल्यांचे तसे नसते. मुंबईच्या माणसाला हार्बर लाइनने जाताना तुर्भ्याच्या त्या घुमटाचे दर्शन होते. त्याच्या पायथ्याशी चिखलात बसलेल्या या तांबड्या रक्ताच्या जीवाची आठवण कोणाला येत नसावी.

या सगळ्या सुट्या धाग्यांचा एक दोर वळला तो एडवर्ड गोल्डबर्ग यांनी. हे कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या आधी, १९६५ ते १९७२ या काळात, फिलिप बटलर यांनी अमेरिकेच्या पंधरा किनारी राज्यांतील शिंपल्यांत डीडीटीसारखी कीटकनाशके मापली होती. गोल्डबर्गांनी १९७५ मध्ये सागरी प्रदूषणाच्या एका नियतकालिकात छोटासा लेख लिहून असे सुचवले की जगभरच्या किनाऱ्यांवर ठराविक जागी, ठराविक काळाने शिणाणे आणि कालवे गोळा करावीत आणि सर्वत्र एकाच पद्धतीने तपासावीत. या योजनेला त्यांनी 'शिणाण्यांची टेहळणी' अशा अर्थाचे साधे नाव दिले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुमारे शंभर ठिकाणी हा प्रयोग झाला, आणि १९८६ पासून तेथील सागर आणि वातावरण खात्याने तो कायमचा अंगीकारला. आज त्या मालिकेत तीनशेच्या जवळपास ठिकाणे आहेत. तीत डीडीटी बंद झाल्यावर शिंपल्यांतले डीडीटी कसे वर्षावर्षाने उतरत गेले, हे आकड्यांनी वाचता येते.

या कल्पनेतले मर्म सरकारी नोकराला लवकर उमजावे. पाण्याची बाटली भरून नमुना घेणे म्हणजे वरिष्ठांचा पूर्वसूचना दिलेला दौरा होय. त्या दिवशी आवार झाडलेले असते, भिंतींना चुना लागलेला असतो, आणि हजेरीपटावर सगळ्यांच्या सह्या असतात. कारखान्याने रात्री दोन वाजता सोडलेले पाणी सकाळी अकराच्या बाटलीत येत नाही. शिंपला हा त्या आवारात कायम मुक्कामाला असलेला माणूस आहे. त्याला दोन वाजताचे पाणीही प्यावे लागते.

अर्थात साक्षीदार प्रामाणिक असला तरी उलटतपासणी चुकत नाही. शिणाणा आपल्या देहातील जस्त बऱ्याच अंशी नियंत्रणात ठेवतो, म्हणून जस्ताच्या बाबतीत त्याची साक्ष कच्ची; कालवाची पक्की. अंडी टाकण्याच्या मोसमात शिंपल्याचे वजन एकाएकी घटते आणि मांसातील प्रमाणे बदलतात. थोराची तुलना पोराशी करून चालत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर पावसाळ्यात खाड्यांचे पाणी इतके गोडे होते की सप्टेंबरचा शिंपला आणि मे महिन्यातला शिंपला ही जणू दोन निरनिराळी माणसे ठरतात. म्हणून एकदा केलेल्या तपासणीला फारसा अर्थ नाही. तीच जागा, तीच जात, तोच मोसम, आणि वर्षामागून वर्षे, असे करावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्याला एका वर्षाचे अनुदान पुरत नाही.

फ्रान्समधील आर्काशों उपसागराची हकिकत वेगळ्या प्रकारची आहे, कारण तेथे साक्ष मांसाने दिली तशीच कवचानेही दिली. १९७७ ते १९८१ या वर्षांत तेथील कालवांची वीण जवळजवळ बंद पडली आणि मोठ्या कालवांची कवचे फुगून चेंडूसारखी होऊ लागली. कारण सापडले ते होड्यांच्या रंगात. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून रंगात कथिलाचे एक सेंद्रिय संयुग घालीत असत. शिंपले मारण्यासाठीच केलेली वस्तू शिंपले मारते, यात आश्चर्य ते काय! पण ती इतक्या विरळ प्रमाणात आणि इतक्या दूरवर मारते, हे कालवांनी दाखवून दिले. १९८२ मध्ये फ्रान्सने पंचवीस मीटरहून लहान होड्यांना हा रंग देण्यास बंदी केली. जगाने यास २००८ पर्यंत वेळ लावला. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय करार अमलात आला. या रंगाचा आणखी एक परिणाम म्हणजे काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागतात. १९९९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी भारतीय पाण्यातील अशी पहिली नोंद प्रसिद्ध केली. ज्या गोगलगायीत ती आढळली तिचे शास्त्रीय नाव 'क्रोनिया कोंकणेन्सिस'. आपल्या कोकणाचे नाव विज्ञानात गेले, आणि ते या संदर्भात.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. याच संस्थेचे झिंगडे आणि देसाई यांनी १९८१ मध्ये ठाणे खाडीतील पाऱ्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखानदारी तेव्हा भरात होती. दक्षिणेकडे, कारवारजवळ, कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यालगतच्या समुद्रात पारा आढळल्याचे कृष्णकुमार आणि पिल्लई यांनी १९९० मध्ये नोंदवले. जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून विजेच्या साहाय्याने कॉस्टिक सोडा काढताना पाऱ्याचाच विद्युदग्र वापरीत, आणि त्यातील थोडा थोडा पारा सांडपाण्यातून निसटत असे. पुढे आपल्या देशातील अशा कारखान्यांनी पाऱ्याशिवाय चालणारी पद्धत स्वीकारली, आणि २०१८ मध्ये भारताने पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करारास मान्यता दिली. त्या कराराला नाव आहे मिनामाता. १९९० मध्येच दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरील शिणाण्यांत डीडीटी आणि बीएचसी यांचे अंश असल्याचे भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी मिळून दाखवले, आणि पुढे आशियाच्या किनाऱ्यांची जी टेहळणी झाली तीत भारतातील शिणाणेही होते.

हे सारे अभ्यास मोलाचे आहेत. पण एक तुर्भ्याचा, एक ठाण्याचा, एक कारवारचा; संस्था वेगळ्या, वर्षे वेगळी, प्राणीही वेगळे. दफ्तरातील सुटे कागद आणि सलग रोजनिशी यांत जो फरक, तोच येथेही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. रोहित पक्षी गुलाबी आहे, दुरून दिसतो, त्याला पाहावयास मुंबईकर दुर्बिणी घेऊन जातात. चिखलातल्या शिंपल्याला हे भाग्य नाही. तो ज्या बायकांच्या पाटीत जातो त्यांनाच त्याची किंमत ठाऊक असते, आणि तो दूषित निघाला तर पहिला फटकाही त्यांच्याच घराला बसतो. खाडीतले शिंपले खाऊ नका, हे सांगणे सोपे असते. फॉस्टरप्रमाणे गटाराच्या मालकाला जाब विचारण्याचे बळ त्या बायकांजवळ नसते.

आता लखनौ. मराठी माणसाला हे शहर परिचित आहे ते पंडित भातखंड्यांनी १९२६ मध्ये येथे सुरू केलेल्या संगीत महाविद्यालयामुळे. पण येथे आणखी एक संस्था आहे. १९६५ मध्ये, म्हणजे बटलरांनी शिंपल्यांत कीटकनाशके मापावयास घेतली त्याच वर्षी, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लखनौत विषविज्ञानाचे संशोधन केंद्र स्थापन केले. त्याचे पहिले संचालक प्राध्यापक सिब्ते हसन झैदी. कारखान्यांतील धूळ, धातू आणि रसायने माणसाच्या देहात काय करतात, याचा शोध घेण्यासाठी असे केंद्र समुद्रापासून इतक्या दूर काढले गेले, यात विसंगती काही नाही. विषाला बंदर लागत नाही.

बीएचसीचेच उदाहरण घेऊ. आपले शेतकरी ज्या पांढऱ्या भुकटीला गॅमॅक्सिन पावडर म्हणत, ती ही. तिच्यातील खरा गुणकारी भाग म्हणजे लिंडेन. एक टन लिंडेन वेगळे काढले की आठ ते बारा टन निरुपयोगी पण टिकाऊ अवशेष मागे उरतो. भारताने साधे बीएचसी १९९७ मध्ये आणि लिंडेन २०११ ते २०१३ या काळात बंद केले. देशात शेवटपर्यंत लिंडेन तयार होत राहिले ते लखनौजवळ, आणि त्याचा अवशेष शहराबाहेर उम्मरी गावाकडे टाकला गेला होता. त्या मातीचा अभ्यास झाला आहे. हे विष खाऊन जगणारा एक सूक्ष्म जीवाणू अशाच मातीत सापडला आणि त्याला शास्त्रज्ञांनी या शहराचेच नाव दिले, 'स्फिंगोबियम लखनौएन्स'. दक्षिणेच्या शिणाण्यांत जे बीएचसी सापडले ते येथले होते, असे मी म्हणत नाही. ते तेव्हा देशभरच्या शेतांत आणि डबक्यांत फवारले जात होते. शिंपला पदार्थाचे नाव सांगतो, त्याच्या मालकाचे नाव सांगत नाही. पण गोमती पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळ उगम पावते, नऊशेहून अधिक किलोमीटर वाहून कैथीजवळ गंगेला मिळते, आणि गंगा कोठे जाते हे सांगावयास नको.

या नदीच्या काठी नवाबांच्या काळातील एक अर्धवट कालवा आहे. गाजीउद्दीन हैदर यांनी, ज्यांची कारकीर्द १८१४ ते १८२७, गंगेचे पाणी गोमतीत आणण्यासाठी तो खोदावयास घेतला. पुरा झाला नाही. आज तो हैदर कॅनॉल म्हणून ओळखला जातो आणि शहराचे सांडपाणी गोमतीत आणतो. नदीचे पाणी गऊघाट येथे उपसून ऐशबागच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे नेतात, ते या नाल्याच्या वरच्या बाजूस, एवढे समाधान. गोमतीच्या चिखलातही शिंपले आहेत. येथील लोक त्यांना सीप म्हणतात. ते खारे पाणी पाहिलेले नसले तरी गाळण्याच्या कामात कालवांचे सख्खे भाऊ शोभतात.

पोलंडची राजधानी वॉर्सा हीही लखनौप्रमाणेच नदीकाठची. तेथील विस्तुला नदीचे पाणी शहराला पुरवण्यापूर्वी ते आठ नदीशिंपल्यांवरून वाहू देतात. प्रत्येकाच्या कवचाला एक बारीक यंत्र जोडलेले असते आणि कवच किती उघडे आहे, याची नोंद अहोरात्र होत राहते. एखादा मिटला तर कोणी लक्ष देत नाही; शिंपल्यालाही विश्रांती हवी असते. पण बरेचसे एकदम मिटले, तर धोक्याची सूचना होऊन पुरवठा थांबवला जातो. हे शिंपले स्वच्छ तलावातून आणलेले असतात. तीन महिन्यांनी त्यांना परत नेऊन सोडतात, आणि पुन्हा तेच पकडले जाऊ नयेत म्हणून त्यांच्या कवचावर खूण करतात.